वैनगंगेला घाई नव्हती

नदी उतरायला लागली की काही लोकांना हुरूप येतो. मला झोप येते.

धान कापून होतं, धुऱ्याबांधावरची तूर पिवळ्या फुलांनी भरते, बपेरा गावाच्या खालच्या अंगाला वैनगंगा आपली रेती हळूहळू उघडी करायला लागते, आणि इकडे सिहोऱ्यात दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझी मान पुढे लवते. बायको म्हणते, थंडीची सुस्ती आहे. डॉक्टर म्हणतो, रक्त तपासून घ्या. मला कारण ठाऊक आहे, पण सांगायची लाज वाटते. हा एका जुन्या हंगामाचा थकवा आहे. तेव्हा तो पुरता निघालाच नाही. आता दरवर्षी पाणी उतरलं की पाहुण्यासारखा येतो, दोन दिवस राहतो म्हणतो आणि संक्रांत करूनच जातो.

ज्यांनी वैनगंगा फक्त पुराच्या दिवसांत, पुलावर उभं राहून पाहिली आहे, त्यांना ही हिवाळ्यातली नदी ओळखू येणार नाही. श्रावणात झाडं मुळासकट उपटून नेणारी ही बाई मार्गशीर्षात अशी चालते, की पाण्यावर पडलेलं पान वाहतंय की नुसतं विचार करत बसलंय ते कळत नाही. पात्राच्या एका अंगाला पाण्याची धार, बाकी सगळी रेती. सकाळी ती तळपायांना गार लागते, दुपारी तोंडावर उजेड फेकते. तिला एक वास असतो, ओल्या गोणपाटाचा, शेवाळाचा, कुठंतरी सुकत घातलेल्या जाळ्याचा. आवाज म्हणाल तर नाहीच. एखादी टिटवी ओरडली तर ती आपल्यालाच काहीतरी बोलली असं वाटतं. अशा नदीकडे पाहून शहाण्या माणसाला निवांत वाटावं. मला त्या वर्षी वाटलं, ही फुकट चालली आहे.

मी मोटारी भरतो. म्हणजे शेतातले जळालेले पंप लोक माझ्याकडे आणून टाकतात, मी त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसतो आणि नवी गुंडाळून देतो. वीज सरळ वागली असती तर माझी चूल पेटली नसती. त्यामुळे कोणी विजेची तक्रार करायला लागला, की मी चेहरा गंभीर ठेवतो आणि आतून तिचे आभार मानतो. पण मेलेल्या मोटारी उठवून बसवणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की आपल्याला वीज कळते. या धंद्यातला हा सगळ्यात घातक रोग. तारेवरच्या जळक्या वॉर्निशच्या वासानं होत असावा.

शेवंताबाई आमच्या दारावर मासे घेऊन यायची. नदीकाठच्या ढिवर वस्तीतली, माझ्याहून बऱ्याच वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. माझी बायको सुलोचना आणि ती, दोघी आमच्या ओट्यावर एकेका बोटव्या मासोळीच्या भावावरून अशा भांडायच्या, की रस्त्यानं जाणारा थांबून पाहायचा. भांडण संपलं की दोघी चहा प्यायच्या. दिवाळी झाली की मात्र तिचं येणं बंद व्हायचं, कारण ती रेतीवर राहायला जायची.

नदी उतरली की वस्तीतली काही कुटुंबं रेतीवर उतरतात. बांबूची आणि तुराट्यांची झोपडी घालतात. ओल लागेपर्यंत रेतीत खड्डे करतात, त्यात शेणखत आणि टरबुजाचं, डांगराचं बी टाकतात. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. वेल जरा हातभर झाले की मग रोज पाणी. कावडीनं, एकेका वेलाला, फळ हाती लागेपर्यंत. ही रेती कोणाच्या नावावर नसते. दरवर्षी पूर तिच्यावरच्या खुणा पुसून टाकतो, आणि पूर सरला की वस्तीतलं एखादं जाणतं माणूस येऊन टाचेनं नव्या रेघा ओढतं: इथून इथवर तू, पुढे तो. नियम एकच. ज्याची वाडी, म्हणजे रेतीवरचा हा मळा, हंगामाच्या मध्यात वाळली, त्याला पुढच्या वर्षी रेघ नाही. जागा पाणी घालणाऱ्याची.

त्या वर्षी दिवाळीनंतरही शेवंताबाई आमच्या ओट्यावर आली. डोक्यावरची पाटी तिला उतरवता येईना. सुलोचनानं हात दिला.

"खांदा गेला माहा," ती म्हणाली. "औंदा कावड उचलत नाही वाटते."

"मंग पोराकडं जा ना नागपूरले. आराम कर."

"पोरगा बलावते. सूनबी बलावते. बसाले खुर्ची देते, टीव्ही लावून देते, वाईट नाही सून." तिनं पदरानं मान पुसली. "पन तिथं मी पोराची माय आहो, सुनेची सासू आहो. रेतीवर मी शेवंता आहो. चार महिने तं चार महिने. एक डाव वाडी वाळली का संपलं. मंग कोन रेघ देते?"

सुलोचना काही बोलली नाही. तिला बोलायला सुचलं नाही असं फार क्वचित होतं. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या माणसानंही गप्प बसावं. पण आत मी एका पंपाचं पोट फाडून बसलो होतो, वॉर्निशचा वास डोक्यात गेलेला होता.

"बाई, कावड कायले पायजे?" मी आतूनच म्हणालो. "नदीच देईन ना पानी उचलून."

"झालं," सुलोचना म्हणाली. "आता हे बोलले."

"नदी कशी उचलन? तिले का हात आहेत?"

"हात मी लावून देतो."

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. दुकानदार न मागता काहीतरी फुकट द्यायला लागला की गिऱ्हाईक पाहतं, तसं.

आता कोणी विचारेल, इतर उपाय नव्हते का? होते. पण विजेचा खांब नदीच्या पात्रात येत नाही. डिझेल इंजिनाची दोरी ओढायला खांदाच लागतो. सोलरची पाटी लावा, असंही एकानं सुचवलं, पण रेतीवरून ती उचलून न्यायला चोराला रस्ता मोकळा. आणि खरं सांगू का, सोलरची पाटी काय, कोणीही आणून लावतो. त्यात माझं नाव कुठं झालं असतं? संथ वाहत्या पाण्यातून वीज, धूर नाही, आवाज नाही, धरण नाही, हे म्हणताना तोंडात कसं भरल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणून दाखवत होतो. ज्याची मोटार जळालेली असायची तो बिचारा ऐकून घ्यायचा.

दोन निळे प्लास्टिकचे ड्रम तरंगायला. त्यांच्यावर लोखंडी चौकट. तिसरा ड्रम उभा चिरून त्याची रुंद पाती केली. चाक हळू फिरणार, म्हणून त्याच्यापासून सायकलची साखळी एका लहान चाकावर नेली, म्हणजे पुढचं जरा भरभर फिरावं. राहता राहिला वीज करणारा भाग. तो आमच्या घराच्या छताला लटकत होता. पंख्याला वीज दिली की तो फिरतो. त्याच्या पोटात चुंबकं बसवून त्यालाच फिरवलं, की तो वीज देतो. मी स्टूल लावून पंखा उतरवत होतो तेव्हा सुलोचना दारात येऊन उभी राहिली.

"अन् उन्हाळ्यात?"

"तोवर लावतो परत."

"माह्या मामानं लग्नात देल्ला पंखा आहे थो."

"म्हनूनच मजबूत आहे."

पुढे त्या उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपलो. चांदण्या छान दिसायच्या. मी तसं एकदा बोलून दाखवलं, पुन्हा नाही दाखवलं.

चाक पाण्यात उतरवायच्या दिवशी वस्ती लोटली. आमच्याकडे नदीत नवं काहीही जायचं, डोंगा असो की जाळं, तर ते नवरीसारखं जातं. सोमाजीमामा नारळ घेऊन आले. वस्तीतलं सगळ्यात वयस्कर माणूस, रेतीवरच्या रेघा तेच ओढतात. बायांनी ड्रमांना हळदीकुंकू लावलं, आसावर हिरव्या बांगड्या चढवल्या, चौकटीला लाल खण बांधला. खण सैल वाटला म्हणून त्याला आणखी एक गाठ मीच मारली. आयटीआयमध्ये मला फिरत्या यंत्राजवळ सैल कापड ठेवू नये असं शिकवलेलं होतं. पण त्या क्षणी मी यंत्राजवळ उभा नव्हतोच, मी लग्नात उभा होतो. चाक पाण्यात गेलं, एक फेरा घेतला, दुसरा अर्धा घेतला. खण साखळीत शिरला, बांगड्या कडकड फुटल्या आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

काठावरच्या बाया फुटलेल्या बांगड्यांकडे पाहत होत्या.

"माहेरची आठवन आली असन," सोमाजीमामा म्हणाले.

मग सगळी रेती हसली. मी कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहून ब्लेडनं लाल कापड कुरतडत होतो आणि काठावरच्या बाया मला नवरीची समजूत कशी काढावी ते सांगत होत्या.

पण ते चाक चाललं. मला हे इथं ठासून सांगू द्या, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं नाही. त्या आळशी पाण्यात ते तितक्याच आळसानं फिरायचं, आणि दिवसरात्र एका बॅटरीत थेंब थेंब वीज भरायचं. सकाळी त्या साठलेल्या विजेवर लहानसा पंप चालायचा आणि वाडीच्या मध्ये ताडपत्री घालून केलेल्या खड्ड्यात पाणी यायचं. बोटाएवढी धार. त्या खड्ड्यातून शेवंताबाई लोट्यानं जवळच्या ओळींना पाणी घालायची. पलीकडच्या ओळींपर्यंत ते पुरायचं नाही. तिथं ती कमरेवर लहान मडकं घेऊन जायची. पण कावड झोपडीच्या आढ्याला टांगली गेली.

एके दुपारी मी गेलो तर ती झोपडीच्या सावलीत बसलेली. हात मांडीवर. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, आता काय करू?"

"बस ना."

"बसून राहिलो ना. पन बसून करू काय?"

मला स्वतःला बसायचा अनुभव दांडगा, पण तो शिकवता येत नाही. थोड्या वेळानं ती आडवी झाली. रेतीवर इतके हंगाम काढून दुपारी डोळा लागायची तिची ती पहिलीच वेळ असावी, कारण ती भीत भीत झोपली, एक हात पाण्याच्या लोट्यावर ठेवून. साखळीची कुईकुई, वेलांच्या पानांवरचं ऊन, आणि ती नदी. मी तेव्हाच घरी परत जायला हवं होतं आणि पुन्हा त्या चाकाला हात लावायला नको होता. आयुष्यात काही गोष्टी मला बरोबर जमल्या आहेत. त्या सगळ्या मी नंतर सुधारायला घेतल्या.

झालं काय, लोक पाहायला येऊ लागले. सिहोऱ्याचे आले, सानगडीकडचे कोणाचे सोयरे आले, मोबाइल धरून चाकाचं शूटिंग झालं. मी हात मागे बांधून समजावून सांगायचो. खिशाला पेन लावलेल्या एका पाहुण्यानं सगळं नीट ऐकलं, वाकून ती बोटाएवढी धार पाहिली आणि विचारलं, "एवढंच?"

माणसाला वाया घालवायला हा एक शब्द पुरे होतो. जेवताना मला तो ऐकू यायचा. मग मी माझा जुना गणिताचा कोपरा झाडून काढला. पाण्याचा वेग दुप्पट केला, तर वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. हे माझ्या मनचं नाही, आजही खरं आहे. निसर्गानं एवढी मोठी लालूच उघड्यावर ठेवायला नको होती. दुसऱ्या दिवशी मी रेतीवर सगळ्यांना आठपट समजावली.

"आठपट म्हंजे," शेवंताबाईनं विचारलं, "पलीकडच्या ओळीबी होतील?"

"होऊन उरन."

"मंग कर."

पाणी धावायला लावायचं कसं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते नदीवरच्यांना ठाऊक होतं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. हे लोक मासे धरायला पाण्यात बांबूच्या तट्ट्या उभ्या करतात, दोन्ही बाजूंनी तिरप्या, पुढे निमुळत्या होत गेलेल्या. रुंद तोंडातून शिरलेला मासा निमूटपणे अरुंद तोंडाशी येतो. सोमाजीमामांनी काडीनं रेतीवर तो आकार काढला आणि टोकाला चाक दाखवलं.

"मासोळी येते तं पानी काहून नाही येनार?"

सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं, की आधी आपल्याला सुचलं नाही याचा राग आला. तट्ट्यांपेक्षा मजबूत काम व्हावं म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रेतीनं भरायच्या ही भर माझी. बांबूच्या तट्टीतून मासा अडतो आणि पाणी निघून जातं. गोणीतून पाणीही जात नाही. एवढा फरक तिथल्या एकाच्याही लक्षात आला नाही. जन्म पाण्यात काढलेल्यांच्या नाही आणि विजेत काढलेल्याच्याही नाही. सगळी वस्ती गाणी म्हणत गोण्या भरत होती. कामाला अशी लय लागली की ते चुकीचं आहे हे कळायला जागाच उरत नाही.

आणि संध्याकाळी चाक धावलं. साखळीची कुईकुई जाऊन तिचा एक सलग सूर लागला. झोपडीवर टांगलेला बल्ब इतका पांढरा पेटला, की शेवंताबाईनं डोळ्यांवर हात धरला. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. घरी गेल्यावर सुलोचनाशी मी जरा वरच्या पट्टीत बोललो म्हणतात. मला आठवत नाही, तिला आठवतं.

सकाळी पोचलो तेव्हा शेवंताबाई चाकाजवळ उभी होती. चाक थांबलेलं होतं. पाणी होतं, पण तळ्यातल्यासारखं. त्यावर एक पान पडलं होतं आणि ते हलत नव्हतं.

"नदी कुठं गेली?" मी विचारलं. हा प्रश्न माणूस आयुष्यात किती वेळा विचारतो?

तिनं हनुवटीनं दाखवलं. मधली रेती ओलांडून, पार समोरच्या काठाच्या पोटाशी, एक नवी धार चमकत होती. आम्ही इकडे वाट अडवली, तिनं तिकडे रेती कापून घेतली. रागानं नाही, धावूनही नाही. तिला जिकडे सोपं गेलं तिकडे ती गेली.

"रातभर रेती ढासळाचा आवाज येत होता," शेवंताबाई म्हणाली. "मले वाटलं, आपलं चाकच जोरात चालून राहिलं."

सोमाजीमामा आले. मग त्यांनी एक गोणी पायानं उलटी केली, तिच्यावरची कंपनीची अक्षरं वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सिमेंटचा वास राहिला असन. नदीले सिमेंट पटत नाही." त्यांनाही काहीतरी कारण हवं होतं. मी मान डोलावली. त्या दिवशी मी कुठल्याही कारणाला मान डोलावली असती.

आम्ही गोण्या काढल्या. फावड्यांनी चर खोदला, तो खोदता खोदता मागून बुजत गेला. नदी आली नाही. एकदा गेलेली धार पुढच्या पुरापर्यंत परत येत नाही, हे मग प्रत्येकजण एकमेकाला सांगू लागला, जणू आदल्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं. वेलांना तेव्हा सुपारीएवढी फळं धरली होती. पाणी लांब गेल्यावर रेतीखालची ओलही गेली. दुपारी पानं माना टाकत, हे नेहमीचंच. पण आता ती संध्याकाळीही उचलत नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेवंताबाई झोपडीत गेली आणि आढ्याची कावड काढून बाहेर आली. तिनं ती डाव्या खांद्यावर घेऊन पाहिली. उजवा गेलेलाच होता. तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण पहिल्याच पावलाला कावड एका अंगाला कलली.

"ठेव खाली," मी म्हणालो.

"वाळून राहिली ना वाडी."

"मी आनतो."

ती हसली नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तिनं कावड माझ्या खांद्यावर ठेवली, दोन्ही पिपे कसे धरायचे ते दाखवलं, आणि मी निघालो. रेतीत पाय उचलला की तो जिथं ठेवला होता त्याच्या मागेच पडतो असं वाटतं. पहिल्या खेपेला अर्धं पाणी माझ्या धोतराएवढ्या रुंद पँटीनं पिऊन टाकलं.

"पानी नाचवू नोको," ती मागून म्हणाली. "तू नाचला का थे नाचते."

असे कितीतरी दिवस. दुकानाचं शटर खाली, आत लोकांच्या जळक्या मोटारी एकमेकींना टेकून बसलेल्या, आणि मालक रेतीवर. सुलोचना भाकरी घेऊन यायची, झोपडीच्या सावलीत शेवंताबाईशेजारी बसायची आणि दोघी मला येताना-जाताना पाहायच्या.

"पंखा गेला, आता नवराबी गेला," सुलोचना म्हणायची.

"चांगला चालते पन," शेवंताबाई म्हणायची. "सवय लागली त्याले."

चाक आम्ही उचलून नव्या धारेत नेलं. नळी काही वाडीपर्यंत पोचेना, तेव्हा मधल्या रेतीत ताडपत्रीचा दुसरा खड्डा केला. चाकाची वीज पाणी तिथवर आणायची, तिथून पुढे मी. आमची ती भागीदारी मला फार जवळून कळली. मी एका सकाळी जेवढं वाहायचो, तेवढंच ते बिचारं दिवसरात्र मिळून वाहायचं. पण मी दुपारी उताणा पडलेला असायचो आणि ते कुईकुई करत फिरतच असायचं. त्याला कोणी एवढंच का म्हणून विचारलं तरी ऐकू जात नव्हतं. मी रेतीवर पडून त्याच्याकडे पाहायचो. डोळ्यांवर गमछा, गमछ्यातून लाल ऊन, खांद्यात ठणका. आणि ज्या थकव्यात राग नाही, पश्चात्ताप करायलाही जोर नाही, असा एक सपाट, रेतीसारखा पसरलेला थकवा. तोच आता दर हिवाळ्यात येऊन दुकानातल्या खुर्चीवर माझ्या मांडीवर बसतो.

वीज म्हणजे वेग, असं मी आयुष्यभर समजत आलो. बटन दाबलं की लखकन, पंप भडाभडा. हळू येणारी वीज ही मला विजेची गरीब बहीण वाटायची. त्या रेतीवर पडल्या पडल्या वाटायला लागलं, की हळू येणाऱ्या गोष्टीला जगू द्यायचं तर माणसालाही जरा हळू व्हावं लागतं, आणि ते काही मला जमणार नाही, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. अजूनही कोणी ना कोणी दुकानात येऊन विचारतो, भाऊ, ते नदीवरचं चाक चालते का? चालते म्हणतो. त्याची पाती आता कितव्यांदा बदलली ते विसरलो. किती वीज देते? जेवढी देते तेवढी, म्हणतो. लोकांना हे उत्तर आवडत नाही. ते जळलेली मोटार ठेवून निघून जातात.

पलीकडच्या ओळी वाळल्या. चैत्रात त्यांचे वेल हातात घेतले की चुरा व्हायचे. अलीकडच्या वाचल्या. फळं लहान राहिली, पण शेवंताबाईनं पहिलं डांगर गुडघ्यावर फोडून अर्धं माझ्या हातात दिलं तेव्हा त्याच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं. बिया थुंकत आम्ही दोघं वाडीकडे पाहत होतो. अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी. ती वाळलेली धरायची की जगलेली, हे दोघांनाही विचारायचं होतं, आणि दोघांनीही विचारलं नाही.

मग पूर आला, गेला, धान कापून झालं, आणि सोमाजीमामा रेघा ओढायला रेतीवर उतरले. मीही गेलो. चाक काठावर उलटं पडलेलं होतं. त्याला नवे बेअरिंग टाकलेत, यंदा नळीही लांब आणली आहे, असं दोन वाक्यांचं भाषण मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. शेवंताबाई आपल्या जुन्या जागेच्या तोंडाशी उभी होती, हातात बांबू. नदी त्या वर्षी पुढे कुठं सरकेल, नदीलाच ठाऊक.

"शेवंताची वाडी वाळली होती," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"अर्धी," ती म्हणाली.

"नेम तं नेम आहे, बाई," सोमाजीमामा म्हणाले. त्यांना ते म्हणायला आवडत नव्हतं. ते तिच्याकडे न बघता रेतीकडे बघत होते.

"अर्धी वाळली तं अर्धी रेघ दे, मामा."

सोमाजीमामांनी यावर विचार केला. असा प्रश्न त्यांच्यापुढे आधी कधी आला नसावा. "अन् पानी कोन टाकन?" त्यांनी विचारलं. "खांदा तं तुहा तसाच आहे."

मी घसा खाकरला. नवे बेअरिंग माझ्या जिभेवर आले होते.

"चाक टाकन तेवढं चाक टाकन," शेवंताबाई म्हणाली, आणि मान न वळवता हातातला बांबू माझ्याकडे केला. "उरलेलं हा टाकन."

तिनं मला विचारलं नव्हतं. सगळी वस्ती माझ्याकडे वळली. सोमाजीमामांनी मला पायांपासून वर पाहत आणलं, बाजारात बैल पाहतात तसं, आणि खांद्याशी येऊन थांबले.

"टाकशीन?"

दुकान होतं, घर होतं, नाही म्हणायला चांगली चार कारणं होती. पण नाही म्हणायला जो दम लागतो, तो मी त्याच रेतीत जिरवून बसलो होतो.

"हाव," मी म्हणालो.

सोमाजीमामांनी टाच रोवली आणि रेघ ओढत मागे मागे चालू लागले. अर्ध्यावर आले. मला वाटलं, आता थांबतील. ते थांबले नाहीत.

"मामा, अर्धी म्हनलो होतो," शेवंताबाई हळूच म्हणाली.

"बुढा झालो वो, बाई. अंदाज चुकते," ते म्हणाले, आणि मागे चालतच राहिले. वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेवंताबाईनं डोळ्यांना लावला. त्या म्हाताऱ्याच्या अंतःकरणाचं कौतुक मलाही वाटत होतं. पण त्याची टाच पुढे होणाऱ्या ओळीच्या जागेवरून, मग तिच्याही पुढच्या ओळीच्या जागेवरून सरकत होती, आणि मी तिथं उभा राहून मनातल्या मनात कावडी मोजत होतो.